अर्ध्या सुराचं भांडण

दामू,

तू गेल्याचं मुंबईला कळवायचं होतं. तुझ्या भावाने पोस्टकार्ड आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "गुर्जी, तुमीच लिवा. होटेलातल्या त्याच्या बाजावाल्यांना." मी टाक बुडवला, 'आमचे परममित्र दामोदर' इतकं लिहिलं आणि थांबलो. तिथे दामोदर कोणाला ठाऊक? तिथे तू पांढऱ्या कोटातला मिस्टर डॅनी. गोऱ्या गिऱ्हाइकांना दामोदर म्हणता येत नाही म्हणून बँडमास्तरने पहिल्याच दिवशी तुझं बारसं केलं होतं. मी खोडलं आणि लिहिलं, 'मिस्टर डॅनी यांस देवाज्ञा झाली.' तेवढं मोठ्याने वाचून दाखवलं, तर तुझा भाऊ रडायचा थांबला. म्हणाला, "हा कोन मेला आनि?"

शेवटी दोघांनाही एका कार्डात बसवलं. आता तिकडे दोन माणसं गेल्याचा समज होणार, आणि त्यातल्या एकालाच ते ओळखत असणार.

तुझा जन्म कुठला, शाळा किती, घरी कोण कोण, हे मी इथे लिहीत नाही. ते तुला माहीत आहे. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि या वेळी तू मधे बोलू शकत नाहीस. सात वर्षांत ही संधी मला पहिल्यांदा मिळते आहे.

मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि माणसं गाठोडी घेऊन इकडे यायला लागली, त्या वर्षी तू आलास. कोणी भांडी आणली, कोणी ट्रंका आणल्या, एकाने तर शिवणाचं मशीन डोक्यावरून आणलं. तू एक काळी पेटी आणलीस. कर्जतला भावाकडे पंधरा दिवस राहीन म्हणालास. चौथ्या दिवशी माझ्या शाळेच्या मागे, नदीच्या उतारावर तू ती पेटी उघडलीस. आत मी चौथीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होतो. बाहेरून असा आवाज आला की अर्धा वर्ग खिडकीशी गेला. उरलेला अर्धा बाकाखाली. युद्ध सुरू होतं, त्यांचं काही चुकलं नाही.

मी छडी घेऊनच बाहेर आलो. तू एका दगडावर बसला होतास, हातात ती पितळी, वाकडी वस्तू.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सॅक्सोफोन, गुर्जी."

"आणि वाजवताय काय?"

"जॅझ."

"राग कोणता त्याचा?"

"रागबिग नाय. मनात येल तसा."

"म्हणजे बेशिस्त."

तू तोंडातली नळी पुसलीस आणि शांतपणे म्हणालास, "बेशिस्त नाय गुर्जी. बाकीचे चार जन शिस्तीत असतात, मंग एकाला मनासारखा वाजवता येतो. आता ते चौघं मुंबईलाच राहिले, म्हनून तुमाला तसा वाटतो."

वीस वर्षं पेटी वाजवून अभंग म्हणणारा माणूस मी, साताऱ्याकडून बदलीवर आलेला, भजनी मंडळाचा प्रमुख. मी एवढंच म्हणालो की शाळा सुटल्यावर वाजवा. तू सुटल्यावर वाजवलंस. मी घरी गेलो नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मी वर्गात बसून हजेरीपट तपासत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

तुझ्या आईला तर तू काय करतोस हेच माहीत नव्हतं. खालापूरकडे ती भात लावायची आणि तिची पक्की समजूत होती की तू होटेलात ताटं वाढतोस. तुझा पांढऱ्या कोटातला फोटो तिने देवाशेजारी लावला होता. तू तिला खरं सांगितलंस, एक गत वाजवूनही दाखवलीस. तिने सगळी ऐकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुर्जी, गावात सांगू नका. ताटा वाढतो असाच राहू दे."

पण गावाला कळलंच, कारण तू शिकवायला बसलास. कोणी सांगितलं होतं तुला? पंधरा दिवस उलटले, बॉम्ब पडला नाही, होटेलवाल्यांनी तुझ्या जागी दुसरा घेतला. शनिवारी भिवपुरीच्या वीजघरावर साहेबांच्या क्लबात नाचासाठी वाजवायचं काम तुला मिळालं होतं, त्यात तुझं भागत होतं. तरी तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "गुर्जी, संध्याकाळी शाळेचा व्हरांडा द्या. ज्याला शिकायचा त्याला शिकवतो."

"वाद्यं कुठायत?"

"येतील. आधी दम पायजे."

आणि दम शिकवायला तू फुंकण्या मागवल्यास. चुलीतल्या! तेरा बाप्ये, कोणी शेतकरी, कोणी हमाल, एक रेल्वेचा पाईंटमन शिवराम, माझ्या व्हरांड्यात मांडी घालून फुंकण्या फुंकत बसले. त्यांच्या घरी चुली पेटेनात. तिसऱ्या दिवशी बायका आल्या फुंकण्या परत न्यायला. त्यात भिकीबाई होती. तिने नवरा गेल्यावर एकटीने भाताचं खाचर राखलेलं. तिचा दीर तुझ्याकडे शिकत होता. तिने त्याच्या हातातली फुंकणी घेतली आणि तुला दाखवण्यासाठी अशी फुंकली की समोरच्या फळ्यावरचा खडू उडाला. तू तिथल्या तिथे जाहीर केलंस की बाप्यांचे दम बिड्यांत गेले, खरा दम बायकांकडे आहे. दीर घरी गेला. भिकीबाई राहिली.

मला ते पटलं नव्हतं. मी तुला सांगितलंही की लोक बोलतील. तू म्हणालास, "बोलू दे ना. तेवढाच त्यांचा दम वाढल."

युद्ध संपलं आणि कल्याणच्या छावणीतली लष्करी बँडची जुनी वाद्यं लिलावात निघाली. तू आणि शिवराम जाऊन ती घेऊन आलात. आठ बिगुलं, तीन क्लॅरिनेट, एक मोठा ढोल आणि एक अवाढव्य पितळी प्रकरण, ज्याला तू काहीतरी इंग्रजी नाव सांगितलंस आणि गावाने रांजण म्हटलं. रांजण शिवरामला मिळाला, कारण तो पेलणारा तोच एक. त्याच्या बायकोला वाटलं, इतकं मोठं भांडं रिकामं कशाला ठेवायचं. तिने त्यात सुक्या मिरच्या भरल्या. दुसऱ्या दिवशी शिवरामने वाजवण्याआधी नळीतून मोठा श्वास आत ओढला. तो नंतर दोन दिवस गाड्यांना बावटा दाखवताना रडत होता, आणि गार्डांना वाटलं घरी काही झालं.

ढोल भिकीबाईला दिलास. मी कारण विचारलं. म्हणालास, "भात कांडताना बगा तिला. मुसळ कवा चुकतो का?"

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

व्हरांडा देताना मी अट घातली होती की बँडने माझ्या मंडळाबरोबर अभंग वाजवायचे. माझी पट्टी पांढरी दोन. पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी, तो माझा सा. वीस वर्षं. तू म्हणालास, तुझ्या सॅक्सोफोनला ती पट्टी म्हणजे बोटांत काटे. तुला काळी दोन हवी होती, पांढरी दोनला लागून असलेली वरची काळी. दोघींमधलं अंतर अर्ध्या सुराचं, पेटीवर नखाएवढं.

"गुर्जी, जरा वर सरका."

"तू खाली ये."

"माजी बोटा मोडतील."

"माझा गळा फाटेल."

दीड वर्षं, दामू! सगळ्या कर्जतला तोंडपाठ झालं होतं ते. बाजारात लोक मला विचारायचे, गुर्जी, सरकलात का? मी तत्त्वाचा प्रश्न केला. तूही काही कमी नव्हतास. तू म्हणालास, "पेटीवाल्याला नुसती पट्टी बदलायची तर त्याला एवढी घमेंड, आमाला तर अख्खी बोटा बदलावी लागतात." मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही.

तरी त्या वैशाखात खालापूरच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा आपण सगळे एकत्र निघालो. बँडची पहिलीच मोठी सुपारी. मला मंगलाष्टकं म्हणायला बोलावलं होतं. न्यायला त्यांच्या बैलगाड्या आल्या होत्या. शिवरामने रांजण चिंचेने घासून असा चकचकीत केला होता की बैल त्यात बघून बुजत होते.

मिरवणूक उभी राहिली. नवऱ्या मुलीचे आजोबा पुढे आले, त्यांनी बँडवरून नजर फिरवली आणि ती भिकीबाईवर थांबली. तुला म्हणाले, "ही बाई कोण?"

"ढोलवाली."

"पांढऱ्या कपाळाची बाई लग्नात ढोल पिटणार? आमच्या दारात?"

"ढोल तिचा हाय," तू म्हणालास.

"दुसरा कोणी वाजवेल."

"दुसऱ्याला येत नाय. आमी सगळे चुकतो, आबा. ती एकटी चुकत नाय. ती नाय तर ताल नाय, ताल नाय तर आमी नाय."

भिकीबाई म्हणाली, "दामूदादा, मी जातं ना घरी. तुमी वाजवा." तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. तू सॅक्सोफोन पेटीत घातलास, कडी लावलीस. एकेकाने वाद्य खांद्यावर घेतलं. आणि मग तू माझ्याकडे बघितलंस.

तू काहीच म्हणाला नाहीस. म्हणाला असतास तर मी भांडलो असतो आणि भांडता भांडता तुझ्याबरोबर चालायला लागलो असतो. पण तू नुसता बघत होतास आणि मी म्हणालो, "मी मंगलाष्टकांचं कबूल केलंय, दामू." तू मान हलवलीस, जणू ते बरोबरच होतं. भर उन्हात तुम्ही चौदा जण कर्जतच्या वाटेला लागलात. गाड्या त्यांच्या होत्या. सगळ्यांत शेवटी शिवराम, डोक्यावर रांजण.

मी मंगलाष्टकं म्हटली, पांढरी दोनमध्ये. इतकी शुद्ध मी कधी म्हटली नव्हती आणि कोणी ऐकतही नव्हतं. मग पंगतीला बसलो. रेशनचे दिवस, साखर डोळ्यांना दिसत नव्हती, आणि पानात बुंदीचा लाडू पडला. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी परत आलो. तू रस्त्यात भेटलास, "आलाव का गुर्जी" म्हणालास आणि पुढे गेलास. त्यावर एक अक्षर नाही. वर्गाच्या वेळी मी व्हरांड्याकडे फिरकेना. तू शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं. मी शिक्षक आहे, शिक्षा झाली की हिशेब मिटतो हे मला कळतं. तू मला शिक्षाच केली नाहीस.

तेव्हा मी ती स्वतःच घेतली. पावसाळाभर, शाळा सुटली की खिडक्या लावून काळी दोनमध्ये गायला लागलो. वरचा सा लावताना गळा असा चिरकायचा की एकदा शेजारून विचारणा झाली, मांजर अडकलंय का. पण भाद्रपद येईतो तो सा लागला. तुला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

मग एक दिवस शिवराम निरोप घेऊन आला. "दामूदादा बोलला, शनिवारी भिवपुरीला पेटी घेऊन या. साहेब लोकांना आपल्याकडचा काहीतरी ऐकायचाय."

मी गेलो. वीजघराचा क्लब, डोळे दिपतील इतके दिवे, मडमा, साहेब, चकचकीत लाकडी जमीन. तू तुझ्या पांढऱ्या कोटात. भिकीबाई नऊवारीत, ढोलापाशी, इतकी निवांत की जणू साहेब तिच्या अंगणात आलेत. सूर जुळवायला सवडच मिळाली नाही, साहेबाने टाळी वाजवली आणि तू आकडे मोजलेस.

मी काळी दोन दाबली आणि अभंग उचलला. त्याच क्षणी तू वाजवलंस, पांढरी दोनमध्ये.

दामू, तो आवाज! दोन गाड्या समोरासमोर याव्यात तसा. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. तेव्हा मला कळलं की माझ्यासारखाच तूही पावसाळाभर कुठेतरी बसून माझी पट्टी बोटांत घालत होतास. चौदा जणांना पायी घरी नेणारा माणूस, आणि लाडू खाणाऱ्यासाठी बोटं मोडून घेत होता. मी चटकन पेटीवर पांढरी दोनकडे सरकलो. आणि तू, गाढवा, त्याच क्षणी काळी दोनकडे सरकलास.

पुन्हा तेच. भिकीबाईने ढोल चुकवला नाही. तिने फक्त आपल्याकडे एकदा बघून घेतलं, जात्यापाशी भांडणाऱ्या पोरांकडे बघतात तसं. तू हसायला लागलास, सॅक्सोफोनमध्येच हसलास, आणि ते हसणंही वाद्यातून बाहेर आलं. साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक जण म्हणाला म्हणे, अमेरिकेत सध्या असंच चाललंय.

मग तू माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलंस आणि एकटा वाजवलंस. माझाच अभंग, पण संथ, वळणावळणाने, एखादी गोष्ट नुकतीच कळलेल्या माणसासारखा. मी बाजूला बसून ऐकत होतो आणि पेटीचा भाता माझ्या हातात उघडाच राहिला होता.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "कसा झाला, गुर्जी?"

"ठीक."

"ठीक म्हंजे किती मार्क?"

"पस्तीस."

"पास झालो म्हनजे," म्हणालास आणि स्टेशनाकडे चालायला लागलास. पस्तीस! मराठीत वाहवा हा शब्द आहे, मंडळात पोरासोरांच्या तानांना मी तो फुकट वाटतो. तुला मात्र पस्तीस. आणि त्याच वाटेवर आपण पुन्हा भांडलो. आता मी म्हणत होतो काळी दोन आणि तू म्हणत होतास पांढरी दोन. मी म्हणालो, मी मेहनत केलीय, ती वाया घालवणार नाही. तू म्हणालास, मग मी काय पावसाळाभर झोपलो होतो? हे भांडण तू जाईपर्यंत मिटलं नाही. एक दिवस तुझं, एक दिवस माझं, असं बँडने आपलं आपणच ठरवून घेतलं होतं.

तुझ्या तापाच्या सातव्या दिवशी मी आलो होतो. डॉक्टरांनी बोलायची बंदी केली होती, म्हणजे तुला, मला नाही. मी ठरवून आलो होतो की खालापूरचं आज बोलायचं. खाटेशी बसलो, घसा साफ केला, आणि माझ्या आधी तूच बोललास.

"गुर्जी, खालापूरला लाडू कसा होता?"

"चांगला होता," मी म्हणालो. खोटं बोलता येईना.

"किती खाल्लाव?"

"दोन."

तू बघत राहिलास. मी म्हणालो, "आणि दोन उपरण्यात बांधून आणले होते. तुझ्यासाठी, भिकीबाईसाठी. पण द्यायचं तोंड होईना."

"मंग?"

"मग मीच खाल्ले."

तू हसलास. खोकलास, पुन्हा हसलास. तुझा भाऊ धावत आला. "चार!" तू त्याला बोटं दाखवत म्हणालास. "चार लाडू! रेशनात!" तुझा खोकला जरा बसल्यावर मी म्हणालो, "दामू, मी तुझ्याबरोबर यायला हवं होतं." तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "आला असता तर पेटी कोनी उचलली असती? शिवरामच्या डोक्यावर आदीच रांजन." मग डोळे न उघडता म्हणालास, "आमी वाटेत करवंदा खाल्ली. लय गोड होती. तुमी नव्हताव, तेवढाच वायट वाटला."

एवढंच. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. परवा तुला नदीवर नेलं.

काल संध्याकाळी शिकवणीची वेळ झाली. मला वाटलं कोणी येणार नाही. सगळे आले. व्हरांड्यात बसले, वाद्यं मांडीवर, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. शिवरामने विचारलं, "गुर्जी, सुट्टी का?" कोणी गेलं की शाळेला सुट्टी देतात, मीही देत आलोय. मी नाही म्हणालो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला उमगलं की मला यातलं काहीही येत नाही. पितळ कसं फुंकतात, बिगुल कुठे येतं, काही नाही. मी तसं सांगून टाकलं.

भिकीबाई उठली. तू उभा राहायचास तिथे उभी राहिली नाही, जरा बाजूला राहिली. तिने प्रत्येकाला काय करायचं ते सांगितलं. सगळ्यांचं झाल्यावर मी उरलो. "गुर्जी, इकडं बसा," म्हणाली आणि ढोलाची टिपरी माझ्या हातात दिली. मी म्हणालो, मी पेटीवाला. ती म्हणाली, "म्हनून तर."

दामू, ढोल सोपा नाही रे. मी सतरा वेळा चुकलो. शिवरामने मोजले. एकदा टिपरी माझ्याच अंगठ्यावर बसली आणि सगळा व्हरांडा हसला, तू गेल्यापासून पहिल्यांदा. भिकीबाई हसली नाही. तिने माझं मनगट धरून सरळ केलं, पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा, पुन्हा, अंधार पडेपर्यंत. निघताना ती म्हणाली, "उद्या जरा लवकर या, गुर्जी. तुमचा हात कच्चा हाय."

शाळा माझी, व्हरांडा माझा, घंटा माझ्या ताब्यात. मी म्हणालो, "येतो, बाई."